चेक भाषेतलं 'नेखात': सोडू, ठेवू की राहू देऊ?

कांदेपोहे

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची चाकणहून म्लादा बोलेस्लावला बदली झाली, तेव्हापासून मुक्काम चेक देशात. निघताना सगळे म्हणाले, इंग्रजीवर भागेल गं. ऑफिसात भागतं. बालवाडीच्या दारात भागत नाही.

माझी आणि या क्रियापदाची गाठ तिथंच पडली. चिरंजीव तेव्हा साडेतीन वर्षांचे. पहिल्या आठवड्यात रोज माझ्या पायाला घट्ट मिठी आणि भोंगा. बाई बाहेर यायच्या, हसायच्या आणि म्हणायच्या, "नेखते हो तादि, ओन सि ज़्विक्ने." मला त्यातला पहिलाच शब्द कळायचा, आणि तोही चुकीचा. मला ऐकू यायचं 'नेख्त्से'. नेख्त्से म्हणजे 'त्याला नको आहे'. हा शब्द मला चांगला पाठ होता, कारण शेजारच्या मुलांकडून 'नेख्त्सि' म्हणजे 'मला नको' हे शिकून आमचा दिवटा दिवसातून पन्नास वेळा ते ऐकवत होता. मी म्हटलं, बाईच म्हणतायत पोराला नको आहे, मग कशाला बळजबरी? उचलला आणि घरी आणला. असं तीन दिवस.

चौथ्या दिवशी बाईंनी इंग्रजी येणाऱ्या दुसऱ्या एका आईला मध्ये घातलं. तेव्हा उलगडा झाला. बाई रोज सांगत होत्या, "ठेवून जा त्याला इथं, होईल सवय." आणि मी रोज मान डोलावून त्याला घरी घेऊन जात होते. 'नेखते' आणि 'नेख्त्से', फरक एका 'त' आणि 'त्स'चा. त्या बिचाऱ्या बाईंना मी काय वाटले असेन!

तर ते 'नेखते' म्हणजे 'नेखात' या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप. यातला 'ख' आपल्या खारकेतला नाही, घसा खाकरल्यासारखा घासून येतो. उर्दूवाले 'ख़बर' म्हणतात तसा. आघात कायम पहिल्या अक्षरावर.

आता मूळ प्रश्न. आमचा भाषेचा वर्ग इंग्रजीतून चालतो. 'नेखात'पुढे माझ्या वहीत आजपर्यंत जमलेले अर्थ: लीव्ह, लेट, कीप, स्टॉप, गिव्ह अप, क्विट, अलाउ, आणि वर 'हॅव्ह समथिंग डन'. दर आठवड्याला एक नवा. बाई फळ्यावर लिहितात, आम्ही उतरवतो. मला एक कळत नाही. 'ठेवणं' आणि 'थांबवणं' एकाच शब्दात मावतंच कसं?

परवा भांडी घासताना वाटलं, इंग्रजी बाजूला ठेवून बघू. आणि मग एकेक वाक्य आपोआप सुटायला लागलं.

नेख हो स्पात. (झोपू दे त्याला.)
नेख तो बीत. (राहू दे ते.)
नेखाल सेम क्लीचे दोमा. (किल्ल्या घरीच राहिल्या, म्हणजे मीच ठेवून आलो.)
नेखाम तो ना तोब्ये. (हे तुझ्यावर सोडतो.)
द्रोबने सि नेखते. (सुट्टे राहू द्या.)

शेवटचं बघा. रिक्षावाल्याला आपण 'सुट्टे राहू द्या' म्हणतो, इंग्रजीत तेच 'कीप द चेंज'. म्हणजे त्यांचं 'कीप' आपल्याकडे 'राहू देणं'च आहे. (पुस्तकात 'द्रोबने सि नेखते' असलं तरी इथल्या हॉटेलात लोक नुसतं 'तो ये दोब्री' म्हणतात, 'ठीक आहे' अशा अर्थी. पहिल्यांदा मी ते पुस्तकी वाक्य म्हटलं तेव्हा वेटरने चमकून बघितलं होतं.)

माझं म्हणणं एवढंच: 'नेखात'ला आठ अर्थ इंग्रजीमुळे आहेत. मराठीतून शिरलं तर 'राहू दे'वर बरंचसं काम होतं. जाणकारांनी कान धरावा.

श्टुटगार्टकर

मस्त किस्सा. तुमच्या शोधाला जर्मनमधून दुजोरा. इथलं 'लासेन' हुबेहूब असंच वागतं. 'लास मिख श्लाफेन' म्हणजे झोपू दे मला. 'लास दास' म्हणजे पुरे कर. केस कापून घ्यायचे तरी लासेन, पूल बांधवायचा तरी लासेन. आमच्या वर्गातला झेक मुलगा लासेनचा धडा अर्ध्या तासात आटपून बाहेर सिगरेट ओढत होता, आम्ही भारतीय आणि ब्राझीलवाले दोन आठवडे आपटत होतो. शेकडो वर्षांचा शेजार आहे, वळण लागणारच.

टवाळ

नवऱ्याला सांगा 'नेख तो बीत'. भांडी त्यांनी घासावीत. (हलके घ्या.)

कांदेपोहे

@टवाळ, तो म्हणतो 'नेखाम तो ना तोब्ये'. तेवढं बरोबर येतं.

हळदीचा गाव

मी सांगलीत बसून वाचतोय, चेक भाषेशी संबंध फक्त बाटाच्या चपलेपुरता. (बाटा मूळचे तिकडचेच, 1894 साली ज़्लीन गावात सुरू झालेले. हे आमच्याकडे निम्म्या लोकांना सांगून पटत नाही.) एक भाबडी शंका. तुम्हीच वर लिहिलंत की 'नेख्त्सि' म्हणजे 'नको', म्हणजे 'ने' हा नकार दिसतो. मग 'नेखात'मधला 'ने' पण नकारच का? 'खात' नावाचं काही क्रियापद आहे का, ज्याच्या उलट हे?

कांदेपोहे

काका, अगदी हाच प्रश्न मी वर्गात विचारला आणि बाई नुसत्या हसल्या. आजच्या चेकमध्ये 'खात' असं काही नाही. नकार करायचा तर पुन्हा एक 'ने' लावावा लागतो: 'नेनेखाम' म्हणजे राहू देणार नाही. 'नेनेख हो चेकात', त्याला ताटकळत ठेवू नकोस. (हे 'चेकात' म्हणजे वाट पाहणं, देशाच्या नावाशी संबंध नाही.) जीभ अडखळते. मागचं कुणाला माहीत असेल तर लिहा.

वोल्गाकाठची

मी लिहिते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन केलं, मग पोलिश, त्यामुळे या घराण्याची, म्हणजे स्लाव्हिक भाषांची, थोडी ओळख आहे.

हळदीचा गाव यांची शंका भाबडी नाही, बरोब्बर आहे. तो 'ने' मुळात नकारच. जुन्या स्लाव्हिकमध्ये काळजी करणे, पर्वा करणे अशा अर्थाचा 'खायाति' धातू होता. 'ने' अधिक तो, म्हणजे पर्वा न करणे. आपण म्हणतो ना, 'त्याचा नाद सोड', 'लक्ष नको देऊ', तसं. पर्वा सोडली की ती गोष्ट आहे तिथे, आहे तशी राहते. तिथून 'राहू देणे' आलं, आणि तिथूनच 'करू देणे'. पुढे मूळ धातू विरून गेला आणि 'ने' शब्दात असा मुरला की आता कुणाला तो नकार वाटतच नाही.

भावंडं बघा. पोलिशमध्ये 'न्येख', युक्रेनियनमध्ये 'नेखाय', स्लोव्हाकमध्ये 'नेख'. तिघांचा अर्थ 'असो, होवो, येवो'मधला तो ओकार. पोलिश 'न्येख झिये' म्हणजे 'चिरायू होवो'. स्लोव्हाकियात दुकानात शिरलं की 'नेख सा पाचि' ऐकू येतं, म्हणजे 'या, घ्या, बसा' सगळं एकात, शब्दशः 'आवडो तुम्हाला'. गंमत म्हणजे चेकनी या कामाला 'नेख' वापरलं नाही, ते 'आत्य झिये' म्हणतात. आणि रशियनने तिसराच रस्ता धरला: 'पुस्त्य'. तो 'पुस्तित' म्हणजे मोकळं सोडणे यातून आला. म्हणजे एका घराने 'पर्वा नको करू'मधून 'होऊ दे' काढलं, दुसऱ्याने 'मोकळं सोड'मधून.

वाचनमात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली). प्रतिसाद द्यायला खास लॉगिन केलं.

शून्यशेष

ब्रनोत गणितात पीएचडी करतोय, तिथला अनुभव. चेकमध्येही त्या ओकाराचं एक अवशेष उरलंय, पण फक्त गणितात आणि जुन्या प्रार्थनेत: 'नेख्त्य'. प्रत्येक प्रमेयाची सुरुवात 'नेख्त्य एन ही नैसर्गिक संख्या आहे'. इंग्रजीत 'लेट एन बी', आपल्याकडे 'समजा'. पहिल्या सत्रात मला वाटायचं सर दर दोन मिनिटांनी 'नको' म्हणतायत. कुठली संख्या नको, हे शोधत बसायचो.

कांदेपोहे

@शून्यशेष, हसून हसून पुरेवाट. म्हणजे मी एकटी नाही.

@वोल्गाकाठची, दंडवत. 'पर्वा न करणे' हे वाचल्यावर मला 'नेख तोहो' लागलं. हे सगळ्यात जास्त ऐकू येतं इथं. बागेत, बसमध्ये, रांगेत, प्रत्येक आई मुलाला: "नेख तोहो!" वहीत याचा अर्थ 'स्टॉप इट'. मला वाटायचं हा वेगळाच अर्थ आहे. पण आता बघा:

'नेख तो' म्हणजे 'ते' राहू दे, हात लावू नकोस.
'नेख तोहो' म्हणजे थांबव ते, पुरे.

शब्द तोच, फक्त 'तो'चा झाला 'तोहो'. म्हणजे विभक्ती बदलली, द्वितीयेची षष्ठी झाली. त्यांची षष्ठी बऱ्याचदा 'त्यातून, त्यापासून' अशी दूर होण्याची छटा आणते. म्हणून 'त्याचा नाद सोड'. षष्ठीच की, 'त्याचा'! 'नेखाल कोउर्शेनी' म्हणजे सिगरेट सोडली, तीही षष्ठी. मग 'स्टॉप', 'गिव्ह अप', 'क्विट' हे माझ्या वहीतले तीन अर्थ एका विभक्तीत गेले. आठातून तीन वजा.

पोराने टेबलावरच्या काचेच्या बरणीला हात घातला तर 'नेख तो'. तोच चमच्याने बरणी वाजवत बसला तर 'नेख तोहो'. शेजारच्या आजींनी हे मला असं प्रत्यक्ष बरणी घेऊन शिकवलं. व्याकरणाच्या पुस्तकात ही बरणी असायला हवी होती.

खमंग

मला व्याकरणातलं काही कळत नाही, पण 'नेखामे' मला तोंडपाठ आहे, कारण मी चेक पाककृती वाचते. तिकडच्या कृतीत 'करा, घाला' असं कमी, 'आपण करतो, आपण घालतो' असं जास्त असतं. आणि दर तिसऱ्या ओळीला 'नेखामे'. 'नेखामे विकिनोउत' म्हणजे पीठ फुगू देतो. 'नेखामे विख्लाद्नोउत', गार होऊ देतो. मांस रात्रभर मुरू देतो, तेही नेखामे. आपल्याकडे इडलीचं पीठ आंबू द्यायचं, लोणचं मुरू द्यायचं, पुरण गार होऊ द्यायचं, शब्दाला शब्द जुळतो की. इंग्रजी कृतीत कधी 'लेट', कधी 'लीव्ह', कधी 'अलाउ', कधी नुसतं 'रेस्ट'. या बाबतीत आपण आणि ते एका पंगतीतले.

टवाळ

कृती द्या. धागा गेला तेल लावत.

खमंग

घ्या. यीस्ट घालून केलेले क्नेदलीक, म्हणजे त्यांच्या रस्स्याबरोबर खायचे उकडीचे पाव म्हणा. ताज्या यीस्टचा तिकडे 42 ग्रॅमचा ठोकळा मिळतो, अर्धा किलो पिठाला अर्धा ठोकळा मी घेते. पीठ मात्र आपल्या मैद्यापेक्षा रवाळ हवं, इकडे मी मैद्यात बारीक रवा मिसळते. कोमट दूध, अंडं, चिमूटभर साखर, मीठ. मळून झाकून तासभर नेखामे. लांबट वळ्या करून पुन्हा वीस मिनिटं नेखामे. मग उकळत्या पाण्यात, झाकण ठेवून, मध्ये एकदा उलटून. बाहेर काढल्याबरोबर टोचायचं, वाफ निघून गेली पाहिजे, नाहीतर चिवट होतात. कापायला सुरी नाही, दोरा. दोरा खालून घालून वर दोन्ही टोकं ओढायची. कोथिंबीरवडीचे उंडे मी आता तसेच कापते, एकही तुटत नाही.

अनुवादी

धागा छान चाललाय पण मी जरा वाटाण्याच्या अक्षता लावणार आहे. प्रागमध्ये दहा वर्षं अनुवादाची कामं करते. 'मराठीत सगळं बसतं' हे ऐकायला गोड आहे, रोजच्या कामात खरं ठरत नाही.

ही दोन वाक्यं घ्या:

नेखाल से ओस्त्र्शीहात.
नेखाल से ओक्रास्त.

रचना तीच, शेवटचं क्रियापद फक्त वेगळं. पहिल्याचा अर्थ 'त्याने केस कापून घेतले'. दुसऱ्याचा अर्थ 'तो लुबाडला गेला', म्हणजे बावळटपणे त्याने स्वतःला लुटू दिलं. मराठीत पहिल्याला 'घेतले' लागतं, दुसऱ्याला 'दिलं'. घेणं आणि देणं, एकदम उलट! चेक माणसाला हा फरक दिसतच नाही, त्याच्या दृष्टीने दोन्हीकडे 'मी गप्प बसलो आणि दुसऱ्याने माझ्यावर काहीतरी केलं'. इंग्रजीला इथे 'गॉट'ने निभावता येतं: गॉट अ हेअरकट, गॉट रॉब्ड. म्हणजे इथे इंग्रजी चेकच्या जवळ, मराठी लांब.

आणखी एक. 'सोउसेद नेखाल पोकात्सेत लीपू'. शेजाऱ्याने लिंडनचं झाड तोडायला लावलं, की तोडू दिलं? लीपा म्हणजे त्यांचं राष्ट्रीय झाड, प्रकरण हातघाईवर येऊ शकतं. बहुतेक वेळा अर्थ 'तोडून घेतलं, माणसं बोलावून तोडवलं' असाच असतो. पण कागदावर नुसतं एवढंच वाक्य असेल तर मला संदर्भ चाळावा लागतो, कारण मराठीत मला एक बाजू घ्यावीच लागते. 'तोडवलं' म्हटलं तर दोषी, 'तोडू दिलं' म्हटलं तर फार तर बेफिकीर. असं एक पत्र माझ्याकडे आलं होतं, मी फोन करून विचारलं. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "लिहिलंय की स्पष्ट, नेखाल!" त्याला माझा प्रश्नच कळेना.

श्टुटगार्टकर

+१. लासेनचं हेच दुखणं. 'लीस ईन फेरहाफ्तेन' म्हणजे अटक करवली. 'लीस ईन गेएन' म्हणजे जाऊ दिलं. एकच 'लीस', एकदा बेड्या आणि एकदा सुटका.

कांदेपोहे

@अनुवादी, मान्य. अगदी मान्य. पण मग मला एक सांगा, 'घेणे' आणि 'सि' यांचं काही नातं लागतं का? कारण मी बघतेय, जिथे जिथे 'नेखात सि' येतं, तिथे मराठीत 'घेणे' येतं.

नेखाल सि ओप्रावित आउतो. गाडी दुरुस्त करून घेतली.
नेखाल सि वित्र्हनोउत ज़ुप. दात काढून घेतला.
नेख सि तो. ठेवून घे तुला.

ते 'सि' म्हणजे 'स्वतःला, स्वतःसाठी', बरोबर? आपलं 'करून घे', 'ठेवून घे'मधलं 'घे' पण तेच करतं. इंग्रजीत मात्र गाडीला 'हॅव्ह' आणि वस्तूला 'कीप', दोन टोकाचे शब्द.

अनुवादी

हे निरीक्षण चांगलं आहे, मी कधी असं मांडून पाहिलं नव्हतं. 'सि' आणि 'घे' जवळपास जुळतात. सगळीकडे नाही. 'तो सि नेनेखाम लीबित' म्हणजे 'हे मी खपवून घेणार नाही'. बघा, इथेही 'घेणार' आलंच! शब्दशः आहे 'हे मला आवडू देणार नाही', काय तऱ्हा. 'नेख सि तो प्रो सेबे' म्हणजे 'तुझ्यापाशीच ठेव, कुणाला सांगू नको', इथे 'घे' चालत नाही. दाढी वाढवली तर 'नेखाल सि नारूस्त वोउसि', आपण नुसतं 'दाढी ठेवली' किंवा 'राखली'. पण तुमचा नियम नव्या माणसाला सत्तर टक्के पोचवेल, असं मी बिनदिक्कत म्हणेन. (सत्तर हा आकडा हवेतला आहे, मोजलेला नाही.)

एक भर. 'करवून घेणे' या अर्थी दुसरं क्रियापदही आहे, 'दात'. म्हणजे देणे. 'दाल से ओस्त्र्शीहात' असंही म्हणतात. माझे इथले जुने गुरुजी 'नेखाल पोस्ताव्हित' म्हटलं की नाक मुरडायचे, म्हणायचे ही जर्मन हवा, नीट चेक म्हणजे 'दाल पोस्ताव्हित'. प्रागच्या पेत्र्शीन टेकडीवर भुकेची भिंत आहे, 1360 ते 1362 मध्ये राजा चौथ्या कारेलने बांधवलेली. ती दाखवताना गुरुजी आवर्जून 'दाल' म्हणायचे. कारेलच्याच पुलाला, 1357 च्या, गाइड लोक सर्रास 'नेखाल' म्हणतात. गुरुजी पुलावरून जाताना कान झाकत असावेत.

हळदीचा गाव

'दात' म्हणजे देणे? दा धातू? आमच्या संस्कृतच्या सरांचा आत्मा सुखावला.

वोल्गाकाठची

हो काका, तोच दा. आज्ञार्थी 'देय', अगदी आपलं 'दे'. मला दे म्हणजे 'देय मि'. आणि 'स्पात' म्हणजे झोपणे, आपल्या 'स्वप्न'मधला स्वप्. 'बीत' म्हणजे असणे, भू. कांदेपोहेताईंचं 'नेख तो बीत' यातला शेवटचा शब्द तोच.

टवाळ

म्हणजे आपण सगळे मुळात चेक. प्रतिसादांची शंभरी पूर्ण होईपर्यंत कुणीतरी पेशवे प्रागला गेले होते हेही सिद्ध करा.

लांबचा प्रवासी

प्रवासी माणूस, एक व्यावहारिक टीप, कारण माझी इथेच फजिती झाली होती. इंग्रजीतलं 'लीव्ह' डोक्यात ठेवून 'मी निघतो' याला 'नेखात' वापरू नका. मी यजमानांना निरोप घेताना 'नेखावाम' म्हटलं. ते वाट बघत राहिले, काय ठेवतोयस बाबा? त्यांना वाटलं काहीतरी भेटवस्तू. पायी निघालात तर 'ओदखाज़ीम', गाडीने निघालात तर 'ओदयीज़्दीम'. माणूस किंवा गाव कायमचं सोडलं तर 'ओपुस्त्यित'. हातातली दोरी किंवा मनगट सोडायचं तर 'पुस्त्यित'. मराठीतलं 'सोडणे' पण इथे फसवतं. पुणं सोडलं, सिगरेट सोडली, मुलाला शाळेत सोडलं, कुत्र्याला मोकळं सोडलं, आपण सगळीकडे सोडतो. यातली फक्त सिगरेट 'नेखात'ची. मुलाला 'शाळेत नेखाल' म्हटलंत तर लोक विचारतील, आणायला विसरलात का?

कांदेपोहे

@लांबचा प्रवासी, हे सोनं आहे. म्हणजे किल्ली अशी: 'नेखात'मध्ये कर्ता जातो की नाही याला महत्त्व नाही, ती गोष्ट जिथल्या तिथे राहते याला आहे. किल्ल्या राहिल्या, खिडकी उघडी राहिली, निर्णय तुझ्याकडे राहिला, पोरगं झोपलेलं राहिलं. म्हणून 'सोडणे' नाही, 'राहू देणे'. 'लीव्ह' इंग्रजीत दोन्हीकडे चालतो म्हणून वर्गात आमचा गोंधळ.

शून्यशेष

अपवाद: परीक्षा. 'नेखाल म्न्ये प्रोपादनोउत' म्हणजे सरांनी मला नापास केलं, शब्दशः 'खाली पडू दिलं'. इथे काहीच जिथल्या तिथे राहत नाही. शिष्यवृत्तीसुद्धा.

अनुवादी

@शून्यशेष, उलट हे 'करू देणे'चं शुद्ध उदाहरण आहे. तुम्ही आपोआप पडतच होतात, सरांनी फक्त अडवलं नाही. चेक प्राध्यापकाची भूमिका नेहमी हीच असते.

बरं, मोह आवरत नाही म्हणून चार वाक्प्रचार. 'नेखात ना होलिच्काख', ऐन वेळी वाऱ्यावर सोडणे. 'नेखात से स्लिशेत', शब्दशः 'स्वतःला ऐकू देणे', म्हणजे जाहीरपणे बोलून दाखवणे. मंत्र्यांच्या बातम्यांत हटकून असतं. 'तो म्न्ये नेखावा ख्लादनीम', म्हणजे त्याचं मला सोयरसुतक नाही, शब्दशः 'ते मला थंड ठेवतं'. उपसर्ग लावले की आणखी घराणं वाढतं. 'विनेखात' म्हणजे गाळणे, वगळणे. 'प्रशेनेखात' म्हणजे दुसऱ्याच्या हवाली करणे. आणि 'ज़ानेखात' म्हणजे मागे ठेवून जाणे, मग तो ठसा असो, छाप असो की बायकामुलं.

आणि एक राहिलंच: 'नेखात' हे पूर्ण क्रियेचं रूप आहे, त्यामुळे 'नेखाम' वर्तमानासारखं दिसलं तरी अर्थ भविष्याचा, 'ठेवीन, राहू देईन'. दुकानात वस्तू हातात घेऊन परत ठेवताना 'या तो तादि नेखाम' म्हणा, 'राहू दे, नको'. रोजची सवय सांगायची तर 'नेखावाम'.

खमंग

@अनुवादीताई, 'राहू दे, नको' हे आपण भाजीवाल्याला म्हणतो तेच ना? चार पावलं चालल्यावर तो मागून हाक मारतो?

अनुवादी

तिकडे हाक मारत नाहीत. तेवढा एक अर्थ मराठीतच राहिला.

कांदेपोहे

आज एक झालं, म्हणून धागा वर काढते. सकाळी शेजारच्या आजींकडे वाटी परत द्यायला गेले. त्यांच्या मुलाशी काहीतरी बिनसलं होतं फोनवर. मी आपली मोडक्या चेकमध्ये विचारलं, काय झालं? त्यांनी हात झटकला आणि म्हणाल्या, "नेख तो प्लावात."

घरी येऊन पाहिलं. प्लावात म्हणजे पोहणे. 'पोहू दे ते.' आपलं 'जाऊ दे गं'. फक्त त्यांचं 'जाऊ दे' पाण्यावरून जातं.

वोल्गाकाठची

आणि ते 'प्लावात' म्हणजे आपला प्लु, प्लव. शाळेतल्या विज्ञानात 'प्लावक बल' वाचलेलं आठवतंय का?

हळदीचा गाव

आर्किमिडीज! मला त्या धड्यात सरांनी प्रोपादनोउत केलं होतं.

कांदेपोहे

काका, बरोबर वापरलंत. उद्या बालवाडीत चिरंजीवांचा शेवटचा दिवस, सप्टेंबरपासून मोठी शाळा. परवा त्याला आणायला गेले तर दुसऱ्या पोराशी ट्रक ओढाओढी चालली होती आणि हा ओरडत होता, "नेख तोहो! नेख तो! तो ये मोये!" (माझं आहे ते!) दोन्ही विभक्त्या अचूक. मी दारात उभी राहून मोजल्या. मग बाई बाहेर आल्या आणि मला बघून म्हणाल्या, "नेखते हो येश्त्ये ख्वीलि." राहू द्या त्याला अजून थोडा वेळ.

या वेळी मला नीट ऐकू आलं. बाकावर बसले.